रीफ टँकमधले दगड नुसते रचू नका, जोडा

संपादक महोदय,

आपल्या रविवार पुरवणीत घरगुती सागरी मत्स्यालयांवरचा, म्हणजे प्रवाळ आणि मासे ठेवायच्या रीफ टँकवरचा लेख वाचला. मीठ, दिवे, स्किमर (फेसाबरोबर पाण्यातली घाण काढणारे यंत्र) यांवर लेखकाने बारकाईने लिहिले आहे. दगडांचा विषय मात्र ‘लाइव्ह रॉक आणून आवडीप्रमाणे रचावेत’ एवढ्या एकाच वाक्यात उरकला आहे. लाइव्ह रॉक म्हणजे पाणी शुद्ध ठेवणारे जिवाणू ज्याच्या छिद्रांत राहतात असा दगड. त्या वाक्यात दोन चुका आहेत आणि नवख्या माणसाला दोन्ही महागात पडतील, म्हणून हे पत्र.

पहिली चूक कायद्याची. सर्व जातींचे कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ, समुद्रपंखे, ऑर्गन पाइप कोरल आणि फायर कोरल २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. मेलेल्या प्रवाळाचा सांगाडाही त्यातून सुटत नाही, आणि समुद्रातून उचललेला लाइव्ह रॉक म्हणजे बहुतेक वेळा असा सांगाडाच असतो. मालवणचा असो की आणखी कुठला, दुकानदार ‘चालतं’ म्हणाला तरी घेऊ नये. त्याची गरजही नाही. कारखान्यात बनवलेला सच्छिद्र कोरडा दगड मिळतो. खाऱ्या पाण्यात टाकून अमोनियाचा स्रोत आणि बाटलीतले जिवाणू दिले की साधारण चार ते सहा आठवड्यांत तो कामाला लागतो. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आल्याशिवाय मासा सोडायचा नाही.

आपल्याकडचा दगड फुकट मिळतो म्हणून वापरावा का, असे बरेच जण विचारतात. काळा पाषाण घट्ट असतो, त्यात जिवाणूंना घर करायला छिद्रे नाहीत. जांभा सच्छिद्र दिसतो, पण तो लोहाने भरलेला असतो आणि पाण्यात झिजून तांबडा गाळ सोडतो. दोन्ही नकोत.

दुसरी चूक ‘रचावेत’ या सल्ल्यातली. नुसते एकावर एक ठेवलेले दगड पहिल्या दिवशी पक्के वाटतात, ते पाण्यामुळे. चुनखडीच्या दगडाचे दहा किलो खाऱ्या पाण्यात सहा किलोच्या आसपास भरतात. पाणी बदलताना पातळी निम्म्यावर आणली की वर उघडा पडलेला दगड पुन्हा पूर्ण वजनाचा होतो, शिवाय त्याच्या छिद्रांत अडकलेल्या पाण्याचे वजन वेगळे. पुढे आलेला सुळका किंवा कमान नेमकी अशा वेळी निसटते, आणि तेव्हाच आपला हात टँकमध्ये असतो. उरलेले काम मासे आणि गोगलगायी करतात. गोबी आणि पिस्तूल कोळंबी पायथ्याची वाळू उपसतात, टर्बो गोगलगाय आणि सी-अर्चिन सैल दगड ढकलत चालतात. दोन वर्षांनी वरच्या टोकावरचा ॲक्रोपोरा हा फांद्यांचा प्रवाळ पसरला की तोलही पुढे झुकतो. म्हणून रचना टँकबाहेर, कोरड्यात आणि जोडूनच करावी.

९० × ४५ × ४५ सेंटिमीटरचा टँक धरू. अशा टँकला बारा ते अठरा किलो सच्छिद्र दगड भरपूर होतो. तीस किलोची भिंत उभी केली तर मागे पाणी फिरत नाही, कचरा साचतो आणि नायट्रेट चढत जाते. पुठ्ठ्यावर टँकच्या आतल्या मापाचा आयत आखावा. काच १० मिलिमीटरची असेल तर तो ८८ × ४३ होतो. चारी बाजूंनी सहा ते आठ सेंटिमीटर आत दुसरी रेघ मारावी आणि दगड तिच्या आतच ठेवावेत; काच घासायच्या चुंबकाला एवढी जागा लागतेच. वर, पाण्याच्या पातळीखाली किमान पंधरा सेंटिमीटर मोकळे सोडावेत, प्रवाळ वाढणार आहेत. टँकच्या तोंडावरच्या काचेच्या पट्ट्यांमधली फटही आधी मोजा. सुबक कमान तयार झाली आणि तोंडातून आत जाईना, हे फार वेळा घडते. रचना दोन-तीन भागांत करावी आणि कुठलाही भाग आठ किलोच्या वर जाऊ देऊ नये.

प्रत्येक भाग तीन पायांवर उभा करावा. चुलीचे तीन दगड कशाही जमिनीवर डुगडुगत नाहीत, तसेच हे. पायांचे तळ छिन्नीने सपाट करावेत. वरच्या सगळ्या वजनाचा मध्य त्या तीन पायांच्या त्रिकोणात पडला पाहिजे. वरच्या टोकाला दोन बोटांनी चारी दिशांनी ढकलून पाहा. किंचित जरी हलले तरी फट शोधून पाचर बसवा आणि मगच पुढे जा.

आता जोड. भार कांडीने पेलायचा, गोंदाने फक्त जागा धरायची, हे सूत्र सोडू नये. ८ मिलिमीटरची फायबरग्लास किंवा ॲक्रिलिकची कांडी घ्या. दोन्ही दगडांत १० मिलिमीटरच्या मेसनरी बिटने तीन-चार सेंटिमीटर खोल भोके पाडा. ड्रिलचा हॅमर बंद ठेवा, नाहीतर सच्छिद्र दगड उभा चिरतो. डोळ्यांना गॉगल आणि नाकाला मास्क हवाच. कांडी पक्की बसेल इतपत भोकात मत्स्यालयासाठीची इपॉक्सी पुटी भरा. फायबरग्लासची कापलेली टोके गोंदाने बंद करा, तंतू सुटतात. स्टीलचा गज वापरू नका. ३०४ दर्जाचे स्टेनलेससुद्धा खाऱ्या पाण्यात गंजते.

छोट्या जोडांना सुपरग्लू चालतो, पण जेल स्वरूपातला. पातळ ग्लू छिद्रांतून खाली वाहून जातो. दोन्ही बाजूंना जेल, मधल्या फटीत कोरडी ॲरागोनाइट (चुनखडीची) वाळू आणि वरून पातळ ग्लूचे थेंब दिले की जोड मिनिटा-दोन मिनिटांत दगडासारखा होतो. खिडकी उघडी ठेवा, वाफ डोळ्यांना झोंबते. हातात सुती मोजे घालू नका. सायनोॲक्रिलेट, म्हणजेच सुपरग्लू, सुतावर पडले की इतके तापते की कातडी भाजते. नायट्राइलचे घाला. मोठ्या जोडांना पांढरे सिमेंट आणि ॲरागोनाइट वाळू १:३ चालते, पण सिमेंट पाण्याचा पीएच १२ च्या पुढे नेते. बादलीतल्या गोड्या पाण्यात दगड बुडवून पाणी दर दोन दिवसांनी बदलत राहावे. दोन दिवस तसेच ठेवलेल्या पाण्याचा पीएच ८.५ च्या आत राहू लागला की ते झाले. याला कित्येक आठवडे लागू शकतात. बाथरूमचा बुरशीरोधक सिलिकॉन मुळीच नको, त्यातले विष जलचरांना मारते. साधा सिलिकॉनही धुळकट दगडाला धरत नाही.

इपॉक्सी पुटीबद्दल एक गैरसमज आहे. ती ओल्या दगडाला चिकटत नाही, खाचाखोचांत घुसून अडकते. चालू टँकमध्ये वापरली तर स्किमर काही तास वेड्यासारखा फेस काढतो. कप उतू जाऊ नये म्हणून तेवढा वेळ तो बंदच ठेवा.

टँकमध्ये ठेवताना क्रम महत्त्वाचा. आधी दगड, मग वाळू. प्रत्येक पायाखाली ३ मिलिमीटरच्या पीव्हीसी शीटचा तुकडा ठेवावा, म्हणजे टोकदार दगडाचा भार काचेच्या एका बिंदूवर येत नाही. तळाची काच टफन्ड (उष्णतेने कडक केलेली) असेल तर हे टाळताच येणार नाही. ती तडकत नाही, एकदम फुटते. मग तीन-चार सेंटिमीटर वाळू टाकावी. पाय थेट तळावर असल्याने गोबीने कितीही उपसले तरी रचना जागची हलत नाही. वेव्हमेकर (पाणी हलवणारा पंप) दगडाला टेकवू नये, कंपनाने जोड सैल होतात.

ज्यांचे दगड आधीच नुसते रचलेले आहेत त्यांनी सगळे उपसू नये, साचलेला गाळ उठून मासे दगावतात. आधी वरचा, पुढे झुकलेला दगड काढून बादलीत टँकच्याच पाण्यात ठेवा. तो खाली घेता येत नसेल तरच कांडीने जोडा. जोडताना त्यावरच्या जिवाणूंसाठी त्याला ओले फडके गुंडाळलेले असू द्या. त्यानंतर पायथ्याची वाळू बाजूला सारून पाय तळाला टेकले आहेत का ते बोटाने चाचपा. टेकलेले नसतील तर रिकाम्या जागेत सपाट तुकडे सरकवा. हे होईपर्यंत पाणी बदलताना एका वेळी दहा टक्क्यांहून जास्त उतरवू नका.

पुरवणीच्या पुढच्या अंकात निदान लाइव्ह रॉकच्या सल्ल्याची दुरुस्ती छापावी, ही विनंती.

आपले,
सागरी मत्स्यालये उभारणारे काही वाचक, ठाणे