इहराम बॅगेत, विमान आकाशात

महोदय,
गेल्या हिवाळ्यात मी आणि आमचे हे उमऱ्याला, म्हणजे मक्केच्या छोट्या यात्रेला, जाऊन आलो. टूरवाला म्हणाला होता, "इहराम जेद्दाहला उतरून बांधा, घाई कशाला?" म्हणून यांचा इहराम, म्हणजे यात्रेत पुरुषांनी नेसायच्या दोन पांढऱ्या, बिनशिलाईच्या चादरी, मोठ्या बॅगेत आणि बॅग विमानाच्या पोटात. उतरायला तासभर असताना घोषणा झाली, मीकात जवळ आली! मीकात म्हणजे इहराम बांधायची ठरलेली हद्द; ती इहरामशिवाय ओलांडली, तर एक तर मागे मीकातवर जा, नाहीतर दम, म्हणजे चुकीची भरपाई, म्हणून बकऱ्याची कुर्बानी द्या. शेजारच्या सोलापूरच्या चाचांनी जादाची जोडी दिली, म्हणून निभावलं. विमानाच्या त्या एवढ्याशा संडासात इहराम बांधणं म्हणजे काय, ते यांनाच विचारा. माझं बरं होतं, बायकांना नेहमीचेच कपडे चालतात.

तवाफचे, म्हणजे काबाभोवतीचे, सात फेरे नीट झाले. सईला, म्हणजे सफा आणि मरवा या दोन टेकड्यांमधल्या सात फेऱ्यांना, पुन्हा घोळ. सफाहून मरवाला जाऊन परत आलं की एक फेरी, असं हे मोजत होते. म्हणजे चौदा! खरं तर नुसतं जाणं ही एक, परतणं ही दुसरी; सातवी मरवालाच संपते. तेवढ्यातच तीनेक किलोमीटर चालणं होतं, आणि माझे गुडघे पर्वतीच्या पायऱ्यांनाच हात टेकतात.

टूरवाल्यांनी निघण्याआधी एक रविवार वर्ग घ्यावा, खुर्च्या मांडून फेऱ्या करून दाखवाव्यात. आम्हाला मिळाली ती एक छत्री आणि गळ्यातलं ओळखपत्र.

— एक निवृत्त शिक्षिका, कोंढवा, पुणे