फवारणीला माणूस आहे, पण आधी हे वाच

प्रिय दोस्ता,

सप्रेम नमस्कार.

तुझा फोन आला तेव्हा मी वाळपईच्या बाजारात होतो, नीट बोलता आलं नाही. मृग तोंडावर आलाय, पोफळींवर चढायला माणूस नाही, बोर्डोची, म्हणजे मोरचूद-चुन्याच्या मिश्रणाची, पहिली फवारणी चुकली तर यंदाही कोळेरोग सुपारी गाळणार. तुझी ही काळजी मला कळते. माझ्याकडे माणूस आहे. आमच्याच वाड्यावरचा, मिसरूड फुटायच्या आधीपासून पोफळीवर चढणारा, खाली न उतरता एका झाडावरून दुसऱ्यावर जाणारा. तो कोलवाळच्या तुरुंगातून शिक्षा भोगून आलाय. फोनवर हे बोललो असतो तर तू घाईत नको म्हणाला असतास, म्हणून पत्र लिहितोय.

त्याने काय केलं ते आधी सांगतो. शेताच्या मेरेवरून, म्हणजे बांधावरून, शेजाऱ्याशी जुनं भांडण होतं. एका सकाळी ते पेटलं आणि याने हातातला कोयता चालवला. शेजारी वाचला, पण त्याची दोन बोटं आजही मिटत नाहीत. यात लहान करून सांगण्यासारखं काही नाही. कोर्टाने शिक्षा दिली, ती त्याने पूर्ण भोगली. आमच्याकडचे म्हातारे अजून 'तो आग्वादला होता' असंच म्हणतात. आग्वादचा तुरुंग २०१५ मध्ये बंद होऊन सगळे कोलवाळला गेले, तरी लोकांच्या तोंडी तेच.

सुटून आलेल्या माणसाचे पहिले दिवस कसे जातात, हे मी यावेळी जवळून पाहिलं. तू म्हणशील, शिक्षा संपली, घर आहे, बायको आहे, मग अडलं कुठे? अरे, सगळं कागदावर अडतं. आत असताना मोबाईलचा नंबर बंद पडला आणि कंपनीने तो दुसऱ्याला देऊन टाकला. आधारला तोच नंबर जोडलेला, त्यामुळे ओटीपी कुणा अनोळखी माणसाकडे जाणार. बदलायला आधार केंद्रात स्वतः जाऊन बोटांचे ठसे द्यावे लागले. बँकेत दोन वर्षांहून जास्त काळ व्यवहार नसला की खातं निष्क्रिय होतं, ते पुन्हा केवायसी केल्याशिवाय उघडत नाही. म्हणजे कुणी काम दिलं तरी पगार जमा करायला जागा नाही. औद्योगिक वसाहतीत गेला तर पोलिसांचा दाखला मागतात. मोपाच्या विमानतळावर आमच्या भागातले काही मुलगे लागले, पण तिथल्या पासासाठी पोलिस पडताळणी होते, तेव्हा ते दार त्याला बंदच. उरतं काय? शेत, सुपारीचं कुळागर, काजूची बाग. आणि तिथे काम देणारे आपल्यासारखेच.

एक गोष्ट त्याने मला फार हळू आवाजात विचारली, आता मला मत देता येईल का? आत असताना मत देता येत नाही, १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात तसं आहे. बाहेर आल्यावर ती आडकाठी संपते. पण त्याला आणि अर्ध्या गावाला वाटत होतं की शिक्षा झाली म्हणजे मताचा हक्क जन्मासाठी गेला. त्याला यादीतलं त्याचं नाव दाखवलं, तर तो बराच वेळ कागद हातात धरून बसला.

आणि गाव! गावाला कच्चा कैदी आणि शिक्षा झालेला यांतला फरक माहीत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकड्यांत देशभरातल्या कैद्यांपैकी ७५ टक्क्यांहून अधिक कच्चे कैदी होते, म्हणजे ज्यांचा खटला अजून संपलेला नाही असे. त्यांतले कित्येक निर्दोष सुटतील, पण वाड्यावर परत येतील तेव्हा 'तुरुंगातला' हेच नाव घेऊन. मला याचा खरंच राग येतो.

सगळ्यात कठीण बाजू मात्र शेजाऱ्याच्या घराची होती. तिथे आधी जायचं, हे मी ठरवलं होतं. ज्याला लागलं त्याला न विचारता आपण मारणाऱ्याचं स्वागत करत बसलो तर तो दुसरा अन्याय. त्या घरातल्या माउलीने मला चहा दिला आणि स्पष्ट सांगितलं, त्याने आमच्या अंगणावरून जाऊ नये, विहिरीवर आमच्या वेळेला येऊ नये, माझ्या मुलांशी बोलू नये. मी म्हटलं, बरोबर आहे तुमचं. तो वरच्या पाणंदीने जातो, लांब पडतं तरी. कुणीतरी हौसेने दोघांना देवळात उभं करून हात मिळवायला लावणार होतं, ते मी होऊ दिलं नाही. क्षमा मागून घ्यायची गोष्ट नाही. ती दिली तर त्यांची, नाही दिली तरी त्यांची.

शिगम्याला तो मांडावर, म्हणजे गाव जमतो त्या जागेवर, आला नव्हता, लांब आंब्याखाली उभा होता. गावकरांतल्या सर्वांत वयस्क माणसाने हाक मारून त्याच्या हातात कासाळं, म्हणजे मोठी झांज, दिलं. तेवढ्यात दोघेजण उठून निघून गेले, तेही सांगायला हवं. गाऱ्हाणं घालताना सगळ्या लेकराबाळांचं रक्षण कर म्हणतात, त्यात तो आहे की नाही, यावर आमच्याकडे अजून एकमत नाही.

घरीही सगळं सुरळीत नाही. तो नसताना बायकोने सेल्फ हेल्प ग्रुपच्या आधाराने घर ओढलं, मुलीची शाळा सांभाळली. आता सगळे निर्णय तिचेच असतात, आणि ते तसेच राहायला हवेत असं मला वाटतं. त्यालाही ते कळतंय, पण हातात कमाई नसलेला पुरुष घरात दिवसभर बसला की दोघांचंही मन आंबतं. रिकामपण, दारूचा गुत्ता आणि जुन्या ओळखी, हीच परत आत जायची वाट. म्हणून कामाची घाई.

तुझ्या मनात कोयत्याची भीती असणार, आणि वहिनी दिवसभर घरी असतात. ती भीती खोटी नाही. पण महाराष्ट्रात सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर आहे. औंध संस्थानाने १९३९ मध्ये तिथे खुली वसाहत सुरू केली. शिक्षा झालेले कैदी तिथे कुटुंबासह राहून शेती करत आले. शेती म्हणजे हातात विळा, कुदळ आलीच. विश्वास टाकून माणसं जबाबदार होतात, हे तिथे पिढ्यान्‌पिढ्या दिसलंय.

तरी माझ्या अटी ऐक. वहिनींना आधी सगळं सांग. त्या नाही म्हणाल्या तर विषय संपला, मी मनात काही धरणार नाही. घेतलास तर इतर कामेऱ्यांना जी मजुरी देतोस तीच दे, पैसा कमी करून उपकार करू नकोस. दिवसाचा हिशेब त्याच दिवशी दे, खातं चालू होईपर्यंत रोखीने, वहीत सही घेऊन. कामेऱ्यांपासून लपवू नकोस, नंतर कळलं तर त्यालाच चोरट्यासारखं वाटेल. आणि पाहुण्यांसमोर त्याची ओळख फक्त नावाने करून दे. काम वाईट केलं तर सरळ बोल, त्याला तेच हवंय.

बसने आमच्याकडून सावईवेऱ्याला रोज येणं-जाणं जमणार नाही. तुझ्या मांगरातली खोली फवारणीपुरती देशील का? मोरचूद आणि चुना तू आणून ठेव, मिश्रण कसं करायचं ते त्याला येतं. पहिल्या दिवशी मी त्याच्यासोबत येईन आणि संध्याकाळपर्यंत थांबेन. शुक्रवारपर्यंत फोन कर, कारण त्याला उत्तर मी दिलंच पाहिजे, हो असो वा नाही. वहिनींना नमस्कार.

तुझाच,
जुना सोबती