हळवं कुठे, गरवं कुठे

चि. बाबूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालास, "पावसाचा नेम राहिला नाही, यंदा सगळीकडे हळवंच भात लाव, लवकर हातात येईल." तुझी काळजी कळते रे. पण बियाणं काढायच्या आत तुला हे नीट सांगायला हवं.

पाऊस लवकर पाठ फिरवतो तिथे हळवं खरंच तारतं. आपल्याकडे हल्ली तो जायलाच तयार नसतो. कर्जत-३ सारखं हळवं साधारण ११५ दिवसांत पिकतं. जूनच्या सुरुवातीला पेरलं तर सप्टेंबरअखेर कापायला येतं, आणि नेमका तेव्हाच परतीचा पाऊस कोसळतो. भात आडवं होतं, लोंब्या पाण्यात राहतात, दाण्याला मोड येतात. पेंढाही काळा पडतो, मग वर्षभर गुरांपुढे काय टाकायचं? म्हणून खालच्या मळ्यात मी गरवंच लावणार. ते उशिरा निसवतं, उशिरा पिकतं.

वरच्या वरकस कुणग्यांत, त्या हलक्या जमिनीच्या छोट्या तुकड्यांत, मात्र तुझं म्हणणं बरोबर आहे. २०२३ चा ऑगस्ट आठव. १९०१ पासून देशात इतका कोरडा ऑगस्ट झाला नव्हता. कातळालगतच्या जमिनीत पाणी ठरत नाही, तिथे गरव्याला शेवटचं पाणी मिळणारच नाही. तिथे हळवंच.

खरी अडचण पेरणीची आहे. आपण रोहिणी नक्षत्रात कोरड्या मातीतच धूळपेरणी करणारी माणसं. २०२५ साली २५ मेलाच मोसमी पाऊस देवगडात पोचला, त्याआधीही सरी चालूच होत्या. धूळ उरलीच नाही तर पेरायचं कशात? तेव्हा वाडीत कित्येकांनी बी भिजवून, मोड आणून रहू टाकला. यंदा मीही थोडं बी त्यासाठी वेगळं ठेवणार, आणि तरवा, म्हणजे लावणीची रोपं, एकदम न टाकता दहा-बारा दिवसांच्या अंतराने दोनदा टाकणार. पाऊस मध्येच दडला तर लावणी लांबते, तरवा जुना होतो आणि मग फुटवे धरत नाही. दुसरा तरवा असला की निदान अर्ध्या शेताला कोवळं रोप मिळतं. बी जास्त जातं, बाबांना ते पटत नाही, पण मी ठाम आहे.

तू सांगितलेली नेरळकडची बिननांगरणीची सगुणा पद्धत एका कुणग्यात करून बघू. चिखलणीचे कष्ट वाचतील. पण तिच्यात तणनाशक लागतं, म्हणून विहिरीच्या वरच्या अंगाला ती नको.

आता तुझ्याकडे एकच मागणं. गणपतीला दीड दिवस आलास तरी चालेल, उरलेली रजा कापणीला ठेव. तारीख आत्ता विचारू नकोस, ती मलाही सांगता येणार नाही. ऑक्टोबर लागला की हवामान खात्याचा अंदाज रोज बघ. सलग चार दिवस उघडीप दिसली की मला कळव आणि त्याच रात्री गाडीत बस. माणसं मिळत नाहीत, आणि कापलेलं भात त्या चार दिवसांत झोडून घरात यायला हवं. येताना मोठी ताडपत्री आण, जुनी फाटली आहे.

तुझी,
आई