आई-बाबा, मी दहा दिवस उशिरा येतेय

जैंतिया हिल्स, मेघालय, १६ फेब्रुवारी

ती. आई-बाबांस साष्टांग नमस्कार.

आधी मुद्द्याचं. मी २१ तारखेला येत नाहीये, ३ मार्चला पोचेन. म्हणजे बाबांच्या डोळ्याच्या ऑपरेशनला मी नसणार. फोनवर सांगितलं असतं, पण आईचं नुसतं “बरं” ऐकून माझा निर्धार मोडला असता. उद्या जीप बाजाराला शिलाँगला जातेय. तिथून या पत्राचा फोटो दादाला जाईल, तो वाचून दाखवेल.

सोमवारी आमचा गुहेचा नकाशा जिथे संपत होता, तिथे एका बुटक्या फटीतून गालाला गार वारा लागला. वारा आहे म्हणजे पुढे वाट आहे. इथे गुहेला ‘क्रेम’ म्हणतात. याच डोंगरांतली क्रेम लियात प्राह ३० किलोमीटरहून लांब भरली, ती अशाच वाटा मोजत, एका गुहेला दुसरी जोडत. आमच्या फटीत कमरेइतकं पाणी आहे. एक जण पुढे खूण धरतो, दुसरी लेझरने अंतर नि दिशा घेते, मी न भिजणाऱ्या कागदावर चित्र काढते. बाबा, जमीन मोजायच्या फलकयंत्राची तिपाई उचलून मी तुमच्या मागे बांधावरून चालायचे, तेच काम. अर्धी मोजणी दुसऱ्याच्या हातात देऊ नये, हे तुमचंच. ताईच्या बारशाची आठवण काढत नाहीये मी, खरंच नाही. पण एप्रिलपासून पावसाचं पाणी आत चढू लागतं, मग पुढच्या हिवाळ्यापर्यंत वाट बंद.

लपवत नाही: एका जागी छत इतकं खाली येतं की मान कलती करावी लागते, एक कान पाण्यात. जेमतेम चार मीटर. छताच्या भेगेत बांबूचा सुका पाला अडकलेला दिसतो, पावसाळ्यात पाणी तिथवर जातं. म्हणून तर आम्ही फेब्रुवारीत येतो, आणि आभाळ भरलं तर आत जातच नाही. एकटं कुणी नसतं. प्रत्येकाकडे तीन दिवे. परतायची वेळ फळ्यावर लिहून जातो. उशीर झाला की तळावरचे शोधायला निघतात.

आई, मी नीट जेवतेय. भात, डाळ, बिनदुधाचा लाल चहा. तुझं मेतकूट सगळ्यांनी मिळून संपवलं. बाहेर आलं की शेकोटीवर गरम पाणी तयार असतं, लोकरीचे मोजे कोरडे ठेवते. विहिरीत पाठीला डबा बांधून बाबा सोडायचे आणि काठावर तू माझा टॉवेल छातीशी धरून उभी असायचीस. पाण्यातून वर आले की अजून तो टॉवेल शोधते मी.

आता ऐका. थेंब वेळेवर, घड्याळ लावून. डॉक्टर सांगेपर्यंत डोक्यावरून अंघोळ नाही, डोळ्यात पाणी जाता कामा नये. वाकून बादली उचलायची नाही, मोटर दादा लावेल. आई, दवाखान्याच्या गडबडीत तुझी बीपीची गोळी चुकवायची नाही, आणि रात्री तू तिथे बसायचं नाहीस, वहिनी बसेल. तिच्याशी बोललेय मी. शनिवारी संध्याकाळी टेकडीवर रेंज मिळते, तेव्हा फोन करते.

बाबा, कच्चा नकाशा घेऊन येतेय. उत्तर दिशा बरोबर दाखवलीय का, खुणा जुळतात का, तुम्हीच तपासा. पण नव्या चष्म्याचा नंबर मिळाल्यावर. त्याआधी हातात देणार नाही.

तुमची,
छोटी