ताई, तुमच्यामुळे आमच्या जाहिराती बागेच्या वेळेने चालायला लागल्या

ताई नमस्कार,

फोनवर थँक्यू म्हणून झालं पण मनाला ते पुरेसं वाटेना, म्हणून आज सगळ्यांसमोर लिहितोय. घरचा माल ऑनलाइन विकणारे आमच्यासारखे बरेच जण आहेत कोकणात, तुम्ही आमच्यासाठी नेमकं काय केलंत ते त्यांनाही कळू दे.

आमचं काम म्हणजे देवगड तालुक्यातली घरची हापूसची कलमं, सीझन मार्च ते मे, बस. त्यात मधेच अवकाळी पाऊस झाला, मोहोरावर थ्रिप्स (बारीक कीड) पडले, नाहीतर ऊन एकदम वाढून फळ लवकर तयार झालं की अख्ख्या आठवड्याचं गणित बदलतं. पण जाहिरातीचं बजेट महिन्याच्या सुरुवातीला ठरलेलं, ते आपलं तसंच चालू. म्हणजे माल कमी तेव्हा ऑर्डरींचा पाऊस आणि पेट्या भरून ठेवल्यात तेव्हा विचारणारं कोणी नाही.

तुम्ही आलात आणि पहिल्या दिवशी जाहिरातीला हातच लावला नाहीत. आमच्या वेबसाइटवर कोण येतं-जातं ते मोजणारं गूगल ॲनालिटिक्स ४ उघडलंत आणि डेटा रिटेन्शनची, म्हणजे तो डेटा किती दिवस जपून ठेवायचा याची सेटिंग २ महिन्यांवरून १४ महिन्यांवर नेलीत. तेव्हा आम्हाला त्याचं काहीच वाटलं नाही, पण पुढच्या मार्चमध्ये कळलं की केवढं मोठं काम होतं ते. एरवीच्या धंद्याला २ महिने कदाचित चालून जातील, पण आमचा सीझन संपून पुढचा सुरू होईपर्यंत मधे नऊ-दहा महिने जातात, आणि त्यातल्या एक्सप्लोरेशन या खोलात जाऊन बघायच्या भागात बसून मागच्या वर्षी पाडव्याच्या आधी लोक कुठल्या पानावरून परत गेले ते बघायचं तर तो डेटा शिल्लक असायला हवा ना. तो होता, फक्त तुमच्यामुळे.

मग तुम्ही प्रत्येक लिंकला यूटीएम, म्हणजे माणूस कुठून आला ते सांगणारी खूण, लावायला शिकवलंत. सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपसाठी वेगळी लिंक, इन्स्टासाठी वेगळी, जुन्या गिऱ्हाइकांच्या ब्रॉडकास्टसाठी वेगळी. त्याआधी ग्रुपमधून येणारी बरीचशी माणसं रिपोर्टमध्ये 'डायरेक्ट' म्हणून, म्हणजे कुठून आली ते माहीत नाही अशा एकाच ढिगात पडायची, आता कळतं की पुण्यातल्या कुठल्या भागातून कोण आलं आणि कशामुळे आलं.

पण मला सगळ्यात लक्षात राहिली ती ती संध्याकाळ, तुम्ही मायक्रोसॉफ्ट क्लॅरिटीमधलं, म्हणजे गिऱ्हाईक पानावर काय काय करतं ते टिपून ठेवणाऱ्या टूलमधलं, एक रेकॉर्डिंग लावलंत. कोणीतरी गिऱ्हाईक मोबाइलवर आमच्या पानावर आलंय, दोन डझनची पेटी कार्टमध्ये टाकली, चेकआउटला गेलं, परत मागे आलं, खाली फोटोपर्यंत गेलं, परत वर, मग 'डिलिव्हरी' या शब्दावर टॅप, परत टॅप, परत टॅप, ती साधी ओळ होती, तिथे उघडण्यासारखं काही नव्हतंच, आणि गेलं बिचारं. पिनकोड काय टाकला ते क्लॅरिटी ठिपके करून झाकतं, पण माणूस काय शोधतोय ते लख्ख दिसत होतं. तुम्ही एवढंच विचारलंत, "आंबा पिकलेला येणार की कच्चा, आणि किती दिवसांनी खायला होणार, हे कुठे लिहिलंय?" आई मागे उभी होती, ती लगेच म्हणाली, फोनवर तर सगळे पहिलं हेच विचारतात! त्याच रात्री पेटीच्या फोटोखाली लिहिलं की फळ कडक येईल, पेंढ्यात ठेवा, चार-पाच दिवसांत तयार होईल, आणि डिलिव्हरी चार्जही चेकआउटवरून उचलून वर आणला. त्यानंतर कार्टपासून पेमेंटपर्यंतची गळती खरंच कमी झाली.

बजेटचंही तसंच. बाबा संध्याकाळी काढणी झाली की गूगल शीटमध्ये टाकतात, किती फळ झेल्याने उतरवलं, किती पेट्या भरल्या. तुम्ही ती शीट लुकर स्टुडिओ या गूगलच्या रिपोर्ट बनवायच्या टूलला जोडून दिलीत, वर माल आणि खाली ऑर्डरी, एकाच स्क्रीनवर. अक्षय्य तृतीयेच्या आठवड्यात माल कमी दिसला की नवीन गिऱ्हाइकांची जाहिरात थांबवायची आणि जुन्यांना आधी मेसेज करायचा, हा निर्णय आता घरातलं कोणीही घेऊ शकतं.

आणि दुसरी बाजू तुम्ही तितक्याच ठामपणे सांगितलीत, की बदलता येतं म्हणून रोज बदलायचं नाही. मेटाच्या (फेसबुक-इन्स्टाच्या) ॲड सेटला, म्हणजे जाहिरातींच्या एका गटाला, कोणाला जाहिरात दाखवायची ते शिकायला आठवड्यात साधारण ५० कन्व्हर्जन (ऑर्डरीसारख्या हव्या त्या कृती) लागतात, मधेच मोठा फेरफार केला की शिकणं परत पहिल्यापासून. ॲनालिटिक्सचे रिपोर्टही पूर्ण भरायला २४ ते ४८ तास घेतात, त्यामुळे दुपारचा आकडा बघून संध्याकाळी घाबरायचं नाही. माल संपला किंवा पाऊस झाला तरच लगेच हात घालायचा, बाकी सगळं सोमवारी. मला वाटतं बाहेर लाखांचे कोर्स विकणारे हे सांगतच नाहीत, ते फक्त बटणं दाखवतात.

मेटा जास्त विक्री दाखवतं आणि ॲनालिटिक्स कमी, तेव्हा भाऊ वैतागला होता, खरं कोणाचं? तुम्ही शांतपणे समजावलंत की मेटा क्लिकनंतरचे ७ दिवस आणि नुसती जाहिरात दिसल्यानंतरचा १ दिवसही आपल्या खात्यात धरतं, मोजायची पद्धतच वेगळी, म्हणून शेवटचा शब्द आपल्या ऑर्डरवहीचा आणि बँकेत आलेल्या पैशाचा. ती वही आता लॅपटॉपच्या शेजारीच असते.

या सगळ्याचे तुम्ही पैसे घेतले नाहीत, वर रात्री दहालाही फोन उचललात. मनापासून आभार ताई, आईबाबांकडूनही.

आता कोकम आगळ आणि आमसुलं विकायला काढतोय, ते वर्षभर चालेल. लिंका तुमच्या पद्धतीने लावल्यात, शीटचा ॲक्सेस पाठवलाय, सवडीने एकदा नजर टाका.

तुमचा,
देवगडचा आंबेवाला भाऊ