पोकलेन दुरुस्त करणाऱ्याचे डोळे

महोदय,

महापालिकेने २०२३ मध्ये धुळीचे नियम काढले तेव्हापासून मुंबईतल्या मोठ्या साइटभोवती ३५ फुटी पत्रा आला, पाणी मारणं आलं. गेटवर हेल्मेट, जाकीट, बूट बघून आत सोडतात. पण रात्री पोकलेन बंद पडलं की फोन येतो माझ्यासारख्या बाहेरच्या मेकॅनिकला. त्याच्या डोळ्यांवर काही आहे का, हे कोणी बघत नाही.

बकेट मशीनच्या हाताला जोडणारी पिन गंजून बुशमध्ये, म्हणजे ती ज्या नळीत असते त्यात, जाम बसली की घणाने ठोकून काढतात. पिन कडक पोलादाची, घणही तसाच. ठोक्यासरशी कडेची कपची गोळीसारखी उडते. गेल्या पावसाळ्यात पवईकडच्या एका साइटवर ती माझ्या हेल्परच्या डोळ्यात शिरली. रक्त नाही, दिसतही होतं. सुपरवायझर म्हणाला, "कचरा असेल, चोळू नको, पाणी मार." मुकादम तर रुमालाची वात करून पुढे आला! मी कोणाला हात लावू दिला नाही. वरून कागदी कप चिकटवला आणि त्याला रुग्णालयात नेलं. तिथे आधी सांगितलं ते हेच, की लोखंडावर लोखंड ठोकत होता. त्यावरून डॉक्टरांनी सीटी स्कॅन काढला, कण आत सापडला. (अशा डोळ्याचा एमआरआय काढत नाहीत, चुंबकाने कण आतल्या आत सरकतो.) तो तसाच राहिला असता तर आत गंजून काही महिन्यांत पडदा निकामी झाला असता. तोवर साइट संपून कंत्राटदारही दिसला नसता.

नंबरचा चष्मा इथे पुरत नाही, कडेने बंद असलेला गॉगल लागतो. तो आपल्या घामट हवेत लगेच धुरकट होतो आणि पोरं कपाळावर चढवतात, हेही खरं. म्हणून हवेची भोकं असलेला, वाफ न धरणारा घ्यावा. पिनवर थेट घण न मारता मध्ये पितळी दांडा धरावा. मोठ्या मशीनला हायड्रॉलिक पुलर (तेलाच्या दाबाने पिन ओढून काढणारं अवजार) मागवावा; भाड्याने मिळतो.

दुसरा डोळा शाबूत असताना एकाची नजर गेली तर १९२३च्या भरपाई कायद्याने कमाईची ताकद ३० टक्के घटली असं धरलं. एका डोळ्याने पिन आणि भोक जुळवून बघा, मग हा आकडा कसा वाटतो ते सांगा. आणि ज्याचं नाव कुठल्याच रजिस्टरात नाही, त्याने तेवढे तरी कोणाकडे मागायचे? बाहेरून आलेल्या मेकॅनिकचं आणि हेल्परचं नाव, काम, वेळ गेटवर लिहून घ्या आणि गॉगल घातल्याशिवाय मशीनला हात लावू देऊ नका. बिल्डरांना हे आज रात्रीपासून करता येईल.

— एक हायड्रॉलिक मेकॅनिक, भांडुप