केबिनमधील हवेचा दाब कमी झाल्यानंतरच्या हलगर्जीबाबत तक्रार

प्रति,
माननीय नोडल अधिकारी,
ग्राहक तक्रार विभाग

विषय : पुणे–कोलकाता विमानात न उघडलेले ऑक्सिजन मास्क व त्यानंतर न मिळालेली वैद्यकीय मदत

महोदय,

गेल्या महिन्यात मी आईसह आपल्या कंपनीच्या पुणे–कोलकाता विमानाने प्रवास करत असताना केबिनमधील हवेचा दाब अचानक कमी झाला, मास्क खाली आले आणि विमान नागपूरला उतरवावे लागले. माझी तक्रार वैमानिकांविरुद्ध नाही, हे आधीच स्पष्ट करते. ३५,००० फुटांवर मास्कशिवाय माणूस मिनिटभरही भानावर राहत नाही, त्यामुळे त्यांनी विमान तातडीने १०,००० फुटांपर्यंत खाली आणले हे योग्यच झाले आणि त्यासाठी मी त्यांची मनापासून ऋणी आहे.

तक्रार आहे ती आमच्या डोक्यावरच्या झाकणाबद्दल. पुढच्या-मागच्या सर्व रांगांमध्ये मास्क लोंबू लागले, पण आमच्या रांगेवरचे झाकण बोटभर उघडून तिथेच अडकले. मी फटीत नखे घालून ओढत राहिले; शेवटी शेजारच्या तरुणाने स्वतःचा जीव धोक्यात घालून एटीएम कार्ड फटीत सारले, तेव्हा कुठे मास्क सुटले. त्या क्षणी कर्मचाऱ्यांनी स्वतः मास्क लावून बसणे हाच नियम आहे, म्हणून कोणी धावून आले नाही याचा मला राग नाही. मात्र अशा वेळी पहिले काही सेकंदच मोलाचे असतात आणि नेमके तेच आमच्या रांगेतील तिघांच्या वाट्याला आले नाहीत. या झाकणाची शेवटची तपासणी कधी झाली होती आणि तीत काय आढळले होते, हे मला कळले पाहिजे.

विमान खालच्या उंचीवर स्थिरावल्यानंतर जे झाले ते तर पूर्णपणे टाळता येण्यासारखे होते. मास्कची पिशवी फुगत नाही म्हणून तो बिघडला आहे असे समजून आई तो सारखा काढत होती. ऑक्सिजन तयार करणारे रासायनिक नळकांडे तापल्यामुळे करपल्यासारखा वास सुटला आणि आग लागली असे वाटून मागची माणसे रडू लागली. पिशवी फुगली नाही तरी ऑक्सिजन मिळतो, हा वास नेहमीचा आहे, आता मास्क काढले तरी चालतील, एवढी तीन वाक्ये हिंदी, मराठी किंवा बंगालीत कोणी सांगितली असती तर अर्धी घबराट तिथेच शमली असती. प्रत्यक्षात उतरेपर्यंत इंग्रजीतील एकच अस्पष्ट घोषणा ऐकू आली.

नागपूरला उतरल्यावर आईच्या कानातून रक्त येत असल्याचे मी आपल्या कर्मचाऱ्यांना दाखवले, तर मला पुढच्या विमानाच्या रांगेत उभे राहण्यास सांगण्यात आले. सप्टेंबर २०१८ मध्ये मुंबईहून जयपूरला निघालेल्या विमानात केबिनच्या दाबासाठीचा स्विच सुरू करायचा राहिला होता आणि सुमारे तीस प्रवाशांच्या नाका-कानांतून रक्त आले होते. ती घटना देशभर गाजल्यानंतरही, अशा विमानातून उतरणाऱ्या प्रवाशांचे कान तपासायला डॉक्टर बोलवावा हे कोणाला सुचू नये, याचे मला फार वाईट वाटते. नंतर कान-नाक-घसा तज्ज्ञांनी आईच्या डाव्या कानाच्या पडद्याला छिद्र पडल्याचे निदान केले.

आपल्या ईमेलमध्ये ‘तांत्रिक कारणास्तव मार्गबदल’ एवढेच लिहून सोबत एक व्हाउचर पाठवले आहे. ते मी स्वीकारत नाही. दाब नेमका कशामुळे गेला, यंत्रणेतील बिघाडाने की कोणाच्या नजरचुकीने, याचा लेखी खुलासा, झाकणाच्या तपासणीची नोंद आणि आईच्या उपचारांचा संपूर्ण खर्च मला मिळावा. डॉक्टरांचा अहवाल, बिले आणि अडकलेल्या झाकणाचे छायाचित्र सोबत जोडले आहे.

३० दिवसांत समाधानकारक उत्तर न आल्यास नागरी विमान वाहतूक महासंचालनालय आणि जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग या दोन्हींकडे मी दाद मागेन.

कळावे,
आपली विश्वासू,
एक प्रवासी, पुणे